प्रवेश मिळाला, अभ्यास कोण शिकवणार?

रांचीतील आमच्या वस्तीत काही निवृत्त मंडळींनी मिळून चालवलेला एक लहानसा वाचनकक्ष आहे. दोन लांब टेबले, चार कपाटे, दोन वृत्तपत्रे आणि रविवारी सकाळी महाविद्यालयात नव्याने दाखल झालेली दहा-बारा मुले, एवढाच त्याचा पसारा. गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी वसतिगृहातील एका मैत्रिणीबरोबर एक विद्यार्थिनी तेथे आली. खुंटी जिल्ह्यातील एका गावची, मुंडा समाजातील, घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली पहिलीच. तिने पिशवीतून एक निबंध काढून माझ्यापुढे ठेवला. विषय होता बिरसा मुंडा यांचा १८९९-१९०० मधील उलगुलान. अक्षर मोत्यासारखे, समास आखलेले, मथळ्यांखाली लाल शाईच्या रेघा. अखेरच्या पानावर त्याच लाल रंगात शिक्षकांनी एकच शब्द लिहिला होता, 'नकल', आणि त्याखाली शून्य.

"सर, मी नकल केलेली नाही," ती म्हणाली. "सगळे पुस्तकातूनच लिहिले आहे."

क्षणभर मला हसू आले. पुढच्याच क्षणी ते ओसरले. तिच्या दृष्टीने या दोन वाक्यांत कोणतीही विसंगती नव्हती. आमच्या भागात 'नकल' म्हणजे परीक्षागृहात चिठ्ठी लपवून नेणे. घरी दिव्याखाली बसून तीन पुस्तकांतील उतारे सुवाच्य अक्षरात उतरवणे म्हणजे मेहनत. बारा वर्षे शाळेने तिला याच मेहनतीचे गुण दिले होते. उत्तर पुस्तकातल्या शब्दांशी जितके जुळेल तितके गुण अधिक, हा नियम तिने प्रामाणिकपणे पाळला आणि त्याच्याच बळावर ती वर्गात पहिली येत राहिली. विद्यापीठात पाऊल टाकताच तोच गुण अपराध ठरला. नियम बदलला आहे हे तिला कोणी सांगितले नव्हते. ती सोमवारच्या बसने गावी जाणार होती आणि परत येण्याचा तिचा विचार नव्हता.

प्रशासनात पस्तीस-छत्तीस वर्षे काढल्यानंतर एखाद्या व्यक्तीच्या कहाणीवरून धोरणाविषयी बोलू नये, एवढा संयम अंगी यायला हवा. परंतु ही कहाणी एकटीची नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांत अनुसूचित जमातींचे विद्यार्थी सुमारे २७ लाख होते. २०१४-१५ मध्ये हीच संख्या साधारण साडेसोळा लाख होती. सात वर्षांतील ही वाढ कोणत्याही राज्यकर्त्याने अभिमानाने सांगावी अशीच आहे. उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण तेव्हा २८.४ टक्के होते आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. म्हणजे आगामी दशकात विद्यापीठांच्या दारात येणारा मोठा वर्ग हा या मुलीसारखा असेल. ज्याच्या घरात अग्रलेखावर वाद होत नाहीत, ज्याला संदर्भसूची कशाशी खातात हे ठाऊक नाही, आणि ज्याला शंका विचारणे हा उद्धटपणा वाटतो, असा हा वर्ग आहे.

दुसरीकडे शाळेतून काय घेऊन तो येतो, हेही पाहायला हवे. २०२३ च्या 'असर' अहवालाने ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. त्यांतील ८६ टक्क्यांहून अधिक मुले कोठेतरी शिकत होती, आणि तरीही सुमारे पाव मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता येत नव्हता. ही सगळी मुले विद्यापीठात येणार नाहीत हे खरे. पण जी येतात ती याच वर्गांतून, याच शिक्षकांच्या हाताखालून येतात. त्यांना वाचता येते. सलग चाळीस पाने वाचून त्यातले म्हणणे काय, हे सांगता येत नाही. त्यांना लिहिता येते. स्वतःचे एक वाक्य लिहिण्याची वेळ मात्र त्यांच्यावर कधी आलेलीच नसते.

हे मी उंचावर बसून लिहीत नाही. मी इतिहासाचा पदव्युत्तर आहे, तोही प्रथम श्रेणीतला, आणि पदवी हाती पडेपर्यंत मी एकही ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला नव्हता. आमच्या काळी बिहारमधील विद्यापीठांची सत्रे लांबत. परीक्षा कधी होईल याची शाश्वती नसे. प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वह्यांतून टिपणे सांगत, आम्ही उतरवून घेत असू, आणि वरच्या वर्गातील कोणा हुशार विद्यार्थ्याची टिपणे हाती लागली तर त्या वर्षाची चिंता मिटे. परीक्षेत दहा प्रश्नांपैकी पाच सोडवायचे असल्याने अभ्यासक्रमाचा निम्मा भाग सोडून देण्याची कला आम्ही साधली होती. त्यालाच आम्ही अभ्यास म्हणत होतो. माझे एक पानही कोणी तपासून, त्यावर दोन ओळी लिहून परत दिल्याचे मला आठवत नाही.

अभ्यास म्हणजे काय, हे मला पुढे एका जिल्हा कचेरीतील बडे बाबूंनी शिकवले. नोकरीचे पहिले वर्ष होते. जमिनीच्या एका वादावर मी तीन पानांची झोकदार टिप्पणी लिहिली. बडे बाबूंनी ती वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि अत्यंत आदबीने विचारले, "हुजूर, हे कागद म्हणतो की आपण म्हणता?"

मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी धारिका उघडून दाखवली. सरकारी धारिकेचे दोन भाग असतात. एका बाजूला पत्रव्यवहार, म्हणजे बाहेरून आलेले अर्ज, अहवाल, नकाशे, जबाब. दुसऱ्या बाजूला टिप्पणी, म्हणजे त्यांवर कचेरीने केलेला विचार. दोन्हींचे पृष्ठांक वेगळे. टिप्पणीतील प्रत्येक विधानापुढे समासात पत्रव्यवहाराचे पान लिहायचे, जेणेकरून वरिष्ठाला शंका आली तर त्याने ते पान काढून पाहावे. परिच्छेदांना क्रमांक द्यायचे. आधी वस्तुस्थिती, मग नियम, मग मतमतांतरे, आणि सर्वांत शेवटी, स्वतंत्र परिच्छेदात, स्वतःचे मत. मॅट्रिकपुढे न शिकलेल्या त्या गृहस्थांनी एका दुपारी मला ऐतिहासिक पद्धतीचा जो पाठ दिला, तो पाच वर्षांच्या विद्यापीठीय शिक्षणात मिळाला नव्हता. संघ लोकसेवा आयोगाच्या अनिवार्य इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत आजही सारांशलेखन आहे. वसाहतकालीन अवशेष म्हणून त्याची थट्टा होते. माझ्या मते त्या परीक्षेतील सर्वांत उपयोगी प्रश्न तोच असावा.

ही उणीव आजची नाही, आणि ती कोणा एका शिक्षकाच्या आळसातून आलेली नाही. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी, अशी ती रचना होती. पहिली कित्येक दशके आपली विद्यापीठे शिकवतच नव्हती. १८५८ मध्ये कलकत्त्यात पहिली बी.ए. परीक्षा झाली तेव्हा बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस हे दोघेच उत्तीर्ण झाले, आणि तेही कृपागुण मिळाल्याने! पुढे वंदे मातरम् लिहिणारा लेखक ज्या परीक्षेत कृपागुणांवर तरला, ती परीक्षा नेमके काय मोजत होती, असा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. १९१७ ते १९१९ या काळात मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता विद्यापीठ आयोगाने तो विचारला. परीक्षेने अध्यापनाला गिळले आहे, असे त्याचे निदान होते. विद्यापीठाच्या सुरुवातीच्या वर्षांत होणारे काम हे प्रत्यक्षात शाळेचेच आहे, म्हणून इंटरमिजिएटचा टप्पा विद्यापीठापासून वेगळा काढावा, असे त्याने सुचवले. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने शिक्षकाभोवती लहान गट करून शिकवण्याच्या पद्धतीचा आग्रह धरला आणि उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची असेल, असे मत नोंदवले. इंटरमिजिएट आपण वेगळे काढले. त्यातून शिकायचे काय, हे मात्र ठरवायचे राहून गेले. कनिष्ठ महाविद्यालयांची ती दोन वर्षे आता खासगी शिकवण्यांच्या ताब्यात आहेत.

आता वर्तमानाकडे येऊ. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवी प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू झाली. तिच्या समर्थनार्थ बरेच काही म्हणता येते. वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करण्यातील अन्याय तिने कमी केला. परंतु ती बहुपर्यायी आहे. इतिहास घेऊ इच्छिणाऱ्या मुलाला चार पर्यायांतून एक निवडून इतिहासाच्या वर्गात येता येते आणि आल्यावर पहिल्याच महिन्यात त्याच्याकडून दोन हजार शब्दांच्या निबंधाची अपेक्षा केली जाते. पोहण्याच्या प्रवेशासाठी धावण्याची शर्यत घ्यावी, तशातलाच हा प्रकार.

नव्या चार वर्षांच्या पदवी आराखड्यात याची जाणीव अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात 'क्षमता संवर्धन' या नावाचे अभ्यासक्रम आहेत आणि चिकित्सक वाचन व शैक्षणिक लेखन ही त्यांची उद्दिष्टे म्हणून स्पष्ट लिहिलेली आहेत. आराखडा वाचून मला आनंद झाला होता. नंतर आमच्या वाचनकक्षातील मुलांना मी त्यांच्या या विषयाच्या प्रश्नपत्रिका आणायला सांगितल्या. ज्या आल्या त्यांत समानार्थी शब्द, वाक्प्रचार, औपचारिक पत्राचा मायना आणि बहुपर्यायी उत्तरांसाठी काळे करायचे गोल होते. शैक्षणिक लेखनाची परीक्षा, आणि तीत एक वाक्यही लिहायचे नाही! धोरण आणि अंमलबजावणी यांतील अंतर मला नवे नाही. मी त्या अंतरातच नोकरी केली. तरीही हे पाहून मी थक्क झालो.

'दीक्षारंभ' या नावाने आयोगाने २०१९ मध्ये नवागतांसाठी प्रवेशोत्तर कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली. कल्पना उत्तम. माझ्या पाहण्यात आलेल्या दोन महाविद्यालयांत त्याचा अर्थ दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्राचार्यांचे भाषण आणि रॅगिंगविरोधी शपथ एवढाच उरला होता. ग्रंथालय दाखवले, पण बाहेरून.

वाङ्मयचौर्याबाबत तर अधिकच विचित्र झाले आहे. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याच्या प्रमाणानुसार दंडाच्या पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत क्षम्य, त्यापुढे ४० पर्यंत एक स्तर, ६० पर्यंत दुसरा, त्याहून अधिक असल्यास तिसरा. हे आकडे आज प्रत्येक प्राध्यापकाला पाठ आहेत. त्याच विनियमांत आणखी एक कलम आहे आणि ते कोणाला आठवत नाही. शैक्षणिक सचोटीची तत्त्वे पदवीच्या अभ्यासक्रमातच सक्तीने शिकवावीत आणि विद्यार्थ्यांना संदर्भ कसा द्यावा याचे प्रशिक्षण द्यावे, असे ते सांगते. पुढे 'शोधशुद्धी' उपक्रमातून विद्यापीठांना साम्य शोधणारे सॉफ्टवेअर मिळाले. शिकवणाऱ्या माणसांची तजवीज मात्र झाली नाही. गुन्हा पकडण्याचे यंत्र आधी आले आणि गुन्हा म्हणजे काय हे सांगणारा अद्याप यायचा आहे. या साऱ्यात आता भ्रमणध्वनीवर निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली. आमच्याकडील एका मुलाने तिच्याकडून लिहून आणलेल्या निबंधात जे पुस्तक उद्धृत केले होते, ते अस्तित्वातच नव्हते. त्याला त्याचे वाईट वाटले नाही. पुस्तक खरोखर कपाटात असते आणि ते उघडून पाहायचे असते, हा अनुभवच त्याच्या गाठी नव्हता.

त्या मुलीकडे परत येतो. तिला मी लगेच संदर्भ कसे द्यायचे हे शिकवायला बसलो नाही. गावी जाण्याआधी एक काम कर म्हणालो. घरातील खतियान आण. झारखंडबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, खतियान म्हणजे जमिनीच्या हक्काची नोंद. रांची जिल्ह्यात १९०२ ते १९१० या काळात जॉन रीड यांच्या देखरेखीखाली जमिनीची मोजणी व हक्कनोंदणी झाली. बिरसांच्या उठावानंतर सरकारला जाग आली, ती या मोजणीच्या आणि १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याच्या रूपाने. आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा तो कायदा आजही लागू आहे आणि येथील कोणत्याही निवडणुकीत त्याचा उल्लेख टळत नाही. खतियानाची प्रत बहुतेक आदिवासी घरांत ट्रंकेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते.

पुढच्या रविवारी ती आली, छायाप्रत घेऊन. आणि मग मी एक वेगळीच विद्यार्थिनी पाहिली. खाता क्रमांक कोठे, भूखंड क्रमांक कोठे, रकबा किती, कोणता तुकडा 'दोन' म्हणजे भाताचा सखल आणि कोणता 'टांड' म्हणजे माळाचा, हे ती बोट ठेवून सांगत गेली. आजोबांबरोबर अंचल कार्यालयात खेपा घालून ती हे शिकली होती. एका ओळीवर ती थांबली. "हे बरोबर नाही," ती म्हणाली. "कागदावर एकाचेच नाव आहे. पण जमीन साऱ्या खुंटाची. साहेबाने विचारले तेव्हा जो पुढे उभा होता, त्याचे नाव लिहिले." थोड्या वेळाने तिने स्वतःहूनच विचारले, "आणि सर, यात एकाही बाईचे नाव का नाही?"

दस्तऐवज कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, कोणाला विचारून लिहिला, आणि त्यात कोण गाळले गेले. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात जे प्रश्न मला कोणी शिकवले नाहीत, ते ही मुलगी पहिल्या सत्रात विचारत होती. फक्त हे प्रश्न छापील पुस्तकालाही विचारता येतात, याची तिला कल्पना नव्हती. पुस्तक तिच्या लेखी ग्रामदेवतेसारखे होते. त्याच्यापुढे हात जोडायचे, उलट बोलायचे नाही.

मी तिला बडे बाबूंची धारिका शिकवली. वहीचे पान मधोमध दुमडायचे. डावीकडे पुस्तक काय म्हणते ते, पृष्ठांकासह. उजवीकडे मी काय म्हणते ते. डावीकडचे जर पुस्तकाच्याच शब्दांत असेल तर अवतरणचिन्हे, नसेल तर स्वतःच्या वाक्यांत. उजवी बाजू कोरी राहिली तर पान पुन्हा वाचायचे. पहिल्या दिवशी आम्ही एका तासात एकच पान वाचले. तिला ते फार हळू वाटले. वर्गात एका तासात एक प्रकरण 'होते'. दुसऱ्या दिवशी पानाचा एक-तृतीयांश सारांश लिहायला सांगितला. हिंदीत अडली तेव्हा म्हटले, आधी मुंडारीत सांग. मुंडारीत ती तीन वाक्यांत सांगून मोकळी झाली. तीच तीन वाक्ये हिंदीत आणायला पाऊण तास लागला. पण ती तिची होती. भाषांतरित पाठ्यपुस्तकांच्या योजना जाहीर होतात तेव्हा मला हा पाऊण तास आठवतो. भारतीय भाषांत हजारो पुस्तके आणण्याचा संकल्प स्वागतार्हच आहे. परंतु पुस्तक आपल्या भाषेत आले म्हणून त्याच्याशी बोलायला आपोआप येत नाही.

बाकीचे काम त्यामानाने सोपे होते. अनुक्रमणिका आणि शेवटची सूची आधी पाहावी. 'वर्णन करा', 'चर्चा करा' आणि 'समीक्षा करा' या तिन्हींचा अर्थ एक नसतो. आठवड्याचे वाचन सोमवारीच वाटून घ्यावे. शिक्षकांच्या खोलीचे दार ठोठावणे हा गुन्हा नव्हे. शेवटच्या गोष्टीला तिला सर्वाधिक धैर्य लागले.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. सर जदुनाथ सरकार यांनी पाटण्यात अनेक वर्षे अध्यापन केले. मराठ्यांचा इतिहास मराठी कागदांवाचून लिहिता येणार नाही, हे उमगल्यावर या बंगाली पंडिताने मराठी आत्मसात केली. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्याशी त्यांचा अर्धशतकाचा स्नेह आणि पत्रव्यवहार मराठी वाचकांना ठाऊक आहे. कागद, तारीख, ठिकाण यांवरून हे दोघे एकमेकांना पत्रांतून दुरुस्त करीत राहिले. विद्वत्ता ही कारागिरी आहे आणि कारागिरी कोणाच्या तरी शेजारी बसून शिकावी लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. सुतार शिकाऊ मुलाला रंधा देऊन एकटे सोडत नाही. आपण विद्यापीठात मात्र नेमके तेच करतो, आणि फळी वाकडी निघाली की मुलाला दोष देतो.

यावर प्राध्यापकांचे उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते खोटे नाही. वर्गात १२० मुले, पदे रिक्त, अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर, वर निवडणुकीची आणि परीक्षेची कामे. निबंध वाचायचे कोणी आणि केव्हा? म्हणून थोडे अंकगणित मांडतो. १२० विद्यार्थी, प्रत्येकाकडून सत्रात एकेक पानाची तीन लेखने, प्रत्येकी दहा मिनिटे. एकूण ६० तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार तास. आयोगाच्या २०१८ च्या निकषांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. पहिल्या सत्रापुरते त्या १६ पैकी चार तास लेखन तपासून परत देण्याचे म्हणून अधिकृतपणे मोजावेत, एवढीच माझी सूचना आहे. व्याख्यानाचे चार तास गेले तर फारसे बिघडत नाही; ती टिपणे बाजारात मिळतातच. सध्या तपासणीचा वेळ कोठेच मोजला जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते सरकारी यंत्रणेत होत नाही, हा माझा अनुभव आहे. क्षमता संवर्धनाचे श्रेयांक आराखड्यात आहेतच. ते भाषा विभागाकडून काढून ज्या-त्या विषयाच्या शिक्षकाकडे द्यावेत आणि त्यांची परीक्षा बहुपर्यायी नसावी. इतिहासाचे वाचन इतिहासाच्या शिक्षकाने शिकवावे, रसायनशास्त्रातील प्रयोगवही त्या विषयाच्या शिक्षकाने. सर्वांना एकच 'संवादकौशल्य' शिकवून काही साधत नाही.

हे आपल्याला जमत नाही असेही नाही. आयआयटींमध्ये राखीव जागांसाठी पात्रतेच्या थोडे अलीकडे राहिलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम अनेक दशके चालू आहे. आयआयटी गांधीनगरने २०११ पासून सर्वच नवागतांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम राबवला. अर्थात या श्रीमंत संस्था आहेत, आणि देशातील बहुसंख्य मुले तेथे शिकत नाहीत. राज्य विद्यापीठांशी संलग्न असलेल्या, एका इमारतीत दोन पाळ्या चालवणाऱ्या महाविद्यालयांत ती शिकतात. मागील पंचवार्षिक योजनांत आयोगाने वंचित वर्गांसाठी उपचारात्मक वर्गांना अनुदान दिले होते. त्या काळात मी जिल्ह्यात असताना अशा वर्गांना भेटी दिल्या. बहुतेक ठिकाणी वर्गातील टिपणेच सायंकाळी पुन्हा सांगितली जात. त्यातही आणखी एक वाईट भाग होता. केवळ राखीव प्रवर्गातील मुलांना वेगळे बसवल्याने त्या वर्गात जाणे हाच कलंक ठरे, आणि ज्याला सर्वाधिक गरज तो फिरकत नसे. म्हणूनच जे काही करायचे ते सर्वांसाठी, मुख्य वेळापत्रकात, पहिल्या सत्रात करायला हवे. वकिलाच्या मुलालाही संदर्भ द्यायचा कसा हे कळत नाही. फक्त घरी कोणीतरी सांगते.

तिच्या निबंधाचे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. तिने तो पुन्हा लिहिला. पाने निम्मी झाली, अक्षर थोडे बिघडले, समासात पृष्ठांक आले. शिक्षकांनी तो वाचला. मात्र मुदत उलटून गेल्याने गुण बदलता येणार नाहीत असे सांगितले. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केले असते. शून्य तसेच राहिले. लेखी परीक्षेच्या बळावर ती त्या विषयात उत्तीर्ण झाली, फार वरच्या गुणांनी नव्हे. आता ती तिसऱ्या सत्रात आहे आणि रविवारी नव्या मुलांना वहीचे पान मधोमध दुमडायला शिकवते. माझ्यापेक्षा ती ते चांगले शिकवते, कारण त्यांना कोठे लाज वाटते हे तिला माहीत आहे.

गेल्या महिन्यात तिने रीड यांच्या मोजणी अहवालाविषयी विचारले. शहरातील एका जुन्या संदर्भ ग्रंथालयाचा पत्ता मी तिला दिला. आठवड्याने ती परतली ती काहीशी चिडूनच. अहवाल इंग्रजीत, ग्रंथालयातच बसून वाचायचा, पंखा बंद, आणि दोन दिवसांत जेमतेम अकरा पाने झाली होती. वही उघडून तिने दाखवली. डावीकडे साहेबांचे म्हणणे, पृष्ठांकासह. उजवीकडे, तिरप्या घाईच्या अक्षरात, अकरा पानांत सात वेळा एकच प्रश्न होता: 'हे त्यांना कोणी सांगितले?'